21 फूट आणि दीड सेकंद

पोलिसांना भांडण निवळवायला शिकवलं, तर खरंच फरक पडतो का? आजची गोष्ट याच प्रश्नाची, आणि ती सुरू होते 21 फुटांपासून.

1983 साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचा पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर याने एक लेख लिहिला. चाकू घेतलेला माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि पिस्तूल काढून गोळी झाडायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. त्याचं म्हणणं होतं, सावध राहा. पण पुढे अनेक ठिकाणी त्याचा ‘21 फुटांचा नियम’ झाला: चाकूवाला त्याच्या आत आला, की गोळी झाडायला हरकत नाही. अरे, पण मागे सरकता येतं की!

2015 मध्ये काही अमेरिकन अधिकारी स्कॉटलंडला गेले. चाकूवाले तिथेही असतात, पण बहुतेक पोलिसांकडे बंदूकच नसते. मग ते अंतर राखतात, आडोसा घेतात, समोरच्याशी बोलत राहतात. थोडक्यात, वेळ काढतात. यातून शिकून अमेरिकेत 2016 साली ‘आयकॅट’ हे प्रशिक्षण तयार झालं. समोरच्याकडे बंदूक नाही, अशाच प्रसंगांसाठी ते आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

2019 मध्ये केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात ते पाळीपाळीने एकेका विभागाला दिलं गेलं. त्यामुळे शिकलेले आणि अजून न शिकलेले यांची तुलना करता आली. निकाल असा: बळाचा वापर 28 टक्क्यांनी घटला, नागरिकांच्या जखमा 26 टक्क्यांनी आणि पोलिसांच्या 36 टक्क्यांनी. म्हणजे नरमाईने वागाल तर मार खाल, ही भीती तिथे तरी खोटी ठरली. मला तर हाच आकडा सगळ्यात मोठा वाटतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच लुईव्हिलमध्ये 13 मार्च 2020 ला मध्यरात्रीनंतर पोलीस दार फोडून ब्रिओना टेलरच्या घरात शिरले. न ठोठावता शिरायची मुभा वॉरंटमध्ये होती. आम्ही ठोठावलं होतं, असं पोलीस म्हणतात. चोर आले समजून तिच्या मित्राने एक गोळी झाडली. उत्तरादाखल 32 गोळ्या सुटल्या. 26 वर्षांची ब्रिओना गेली.

म्हणजे प्रशिक्षण फसलं का? मला तसं वाटत नाही. इथे बंदूक होती, अंधार होता, आणि बोलायला वेळच ठेवला नव्हता. तो वेळ त्या रात्री दारात नाही, आधीच कागदावर गेला होता. जून 2020 मध्ये शहराने अशा वॉरंटवर बंदी घातली. त्या कायद्याला ब्रिओनाचंच नाव आहे.