प्रॉम्प्टरची वही

आपल्या मंडळाच्या नाटकाचे पत्रक हाती घेतलेत तर वर श्रीगणेशाचे चित्र, त्याखाली नाटकाचे नाव, मग लेखक, दिग्दर्शक आणि पुढे भूमिका व कलाकार अशी दोन रकान्यांची यादी दिसेल. अगदी तळाला, देणगीदारांच्या आभाराच्या वर, बारीक टाइपात एक ओळ असते : 'रंगमंच व्यवस्था – मंडळाचे कार्यकर्ते'. ती ओळ म्हणजे आम्ही. आमच्यात एक जण जिनिंगमध्ये हिशेब लिहितो, एकाचे इलेक्ट्रिकचे दुकान आहे, दोघे शिक्षक आहेत. लिहिण्याचे काम सरकारी खात्यातल्या डिप्लोमावाल्याकडे आले, कारण फायली लिहून त्याचा हात बसलेला आहे असा सर्वांचा समज.

ही तक्रार नव्हे. नाव छापून यावे म्हणून कोणी विंगेत उभे राहत नाही. पण स्मरणिकेसाठी मराठी नाटकाच्या इतिहासाची पुस्तके चाळायला घेतली आणि तिथेही तळाची ओळ बारीकच निघाली. नटांची चरित्रे आहेत, नाटककारांची आहेत, गायकांची तर आहेतच. दोरी कोणी ओढली हे शोधावे लागते.

सुरुवात सांगलीपासून करू. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले. दरवर्षी ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन पाळतो तो याच प्रयोगाच्या आठवणीने. त्या नाटकांची रीत आज सांगितली तर मुलांना नवल वाटते. सूत्रधार पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगमंचावरच. पद्ये तोच म्हणणार, कथा तोच पुढे नेणार. आरंभी गणपती, सरस्वती आणि विदूषकाची गंमत असायची. पात्रांची भाषणे लिहिलेली नसत. पद्य संपले की त्या प्रसंगाला साजेसे पदरचे बोलायचे, आणि राक्षसांनी आरोळ्या ठोकायच्या. त्या आरोळ्यांवरूनच पुढच्या शिकलेल्या लोकांनी या खेळांना 'अलल्लडुर्र' नाटके असे हिणवले. १८५१ साली आश्रयदाते वारले, आणि भाव्यांची मंडळी पोटासाठी गावोगाव हिंडू लागली. १८५३ साली मुंबईला पोहोचली.

आमच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या नाटकात प्रॉम्प्टर नव्हता. लागणारच नव्हता. जे लिहिलेले नाही ते विसरणार कसे? प्रॉम्प्टर आला तो लिहिलेल्या नाटकाबरोबर. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तन्यांचे 'थोरले माधवराव पेशवे' आले, पाठोपाठ संस्कृतातून आणि इंग्रजीतून केलेली भाषांतरे आली. लोकांनी त्यांना नावच 'बुकिश' नाटके दिले. बुक आले की बुक धरणारा आलाच. नटाने नेमके हेच वाक्य, याच शब्दांत म्हणायचे, हा दंडक ज्या दिवशी लागू झाला त्या दिवशी विंगेत एक माणूस वही घेऊन उभा राहिला. पुढे त्याला बसायला स्टूल मिळाले, एवढीच काय ती त्याची प्रगती.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात किर्लोस्करांचे 'शाकुंतल' झाले आणि संगीत नाटकांचा थाट सुरू झाला. नाटक मंडळी म्हणजे तेव्हा एक चालते गाव. आचारी बरोबर, कपडेपट बरोबर, रंगपटाच्या पेट्या, पडद्यांच्या गुंडाळ्या, बत्त्या, सगळे बैलगाड्यांवर आणि आगगाडीच्या वाघिणींत. महालाचा पडदा, रस्त्याचा पडदा, अरण्याचा पडदा, उद्यानाचा पडदा. कथा कोणतीही असो, या चार-पाच पडद्यांतच ती घडायची. हे पडदे रंगवणारे काही सामान्य हात नव्हते. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्यातल्या बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट केला. म्हणजे मराठी सिनेमाचा एक मोठा माणूस पडद्यामागूनच आला! ललितकलादर्शचे देखावे पु. श्री. काळ्यांनी उभे केले. १९३३ साली नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' केले तेव्हा रंगवलेल्या पडद्याची जागा भिंती-दारे असलेल्या खोलीने घेतली. १९६२ साली अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' आले, फिरत्या रंगमंचावर, आणि प्रभाकर पणशीकर एकाच प्रयोगात पाच वेष बदलू लागले. टाळ्या पणशीकरांना पडल्या, त्या रास्तच. पण एक वेष उतरवून दुसरा चढवायला विंगेत मिनिटे किती मिळत असतील आणि तिथे किती हात तयार उभे असतील, याचा हिशेब आमच्यासारख्यांनाच सुचतो.

हे सगळे मात्र सांगली, पुणे, कोल्हापूर, मुंबई. आपण बसलो आहोत पैनगंगेच्या अलीकडे. तेव्हा पडद्यामागच्या कामाचा जो नमुना आपल्या राज्यातच आहे आणि मराठी माणसाला ज्याची फारशी माहिती नसते, तो सांगायलाच हवा. तो म्हणजे 'सुरभी'.

हैदराबादला लिंगमपल्लीत सुरभी नाटकवाल्यांची वस्ती आहे. नाटके तेलुगूतून, प्रेक्षक तेलुगू, नाव तेलुगू मुलखातल्या गावाचे. पण घराणी मूळची मराठी. पूर्वज महाराष्ट्रातून दक्षिणेत आले असे त्यांची परंपरा सांगते. आधी ही मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ करीत. १८८५ साली कडप्पा जिल्ह्यातल्या सुरभी गावी त्यांनी बाहुल्या बाजूला ठेवून स्वतःच उभे राहून 'कीचकवध' केले, आणि वनारस गोविंदराव यांनी त्यातून नाटक मंडळी उभारली. (कीचकाचे आपल्या रंगभूमीशी काय नाते आहे कोण जाणे. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ चे, ते इंग्रज सरकारने बंद पाडले. बाबूराव पेंटरांची 'सैरंध्री' म्हणजेही तेच कथानक.) बाहुल्यांचा नाद आपल्या विष्णुदास भाव्यांनाही होता.

आपल्याकडे बालगंधर्व स्त्रीवेषात महाराष्ट्राला वेड लावत होते त्या काळात सुरभीत घरच्या बायकाच स्त्रीभूमिका करीत होत्या. घरातली सगळी माणसे कामाला असल्यावर बायका बाहेर कशा राहतील? 'मायाबझार'मध्ये घटोत्कचाच्या तोंडात लाडू आपोआप उडत जातात, युद्धात बाण हवेत एकमेकांवर आदळतात, देव आकाशातून खाली येतात. हे सारे दोऱ्या, तारा आणि कप्प्या यांवर चालते, आणि ते ओढणारे त्याच घरातले काका, मामा, भाचे असतात. आज राजा झालेला उद्या दोरीवर. पोरे संवाद पाठ करण्याआधी सामान उचलायला शिकतात. ब. व. कारंतांसारखे दिग्दर्शक त्यांच्यापाशी जाऊन काम करून आले. २०१३ साली सुरभी बाबजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेकंदार नागेश्वरराव यांना पद्मश्री मिळाली. एके काळी सुरभीच्या कितीतरी मंडळ्या आंध्रभर हिंडत होत्या; आता मोजक्याच उरल्या.

सुरभीचा विचार करताना आमच्या मनात अभिमान येतो आणि त्याला लागूनच थोडी धाकधूकही. त्यांनी नाटक टिकवले आणि रंगमंचाची भाषा बदलली. त्यांना दोष कसला द्यायचा? ज्या मुलखात पोट, त्या मुलखाची बोली. आपले गणित उलटे आहे. आपले पोट तेलुगूवर आणि ऑफिसच्या इंग्रजीवर चालते. मराठी उरली आहे घरात, देवघरात, आणि वर्षातून एकदा या मांडवात.

हे एका दिवसात झालेले नाही. निजामाच्या राज्यात सरकारदरबारी उर्दू होती, तरी आपला जिल्हा मराठी मुलखाला सलग जोडलेला होता. किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. किनवट, राजुरा तिकडे गेले, नांदेडचा मुधोळ इकडे आला. आपली सोयर मात्र रेषा पाहून झालेली नव्हती. त्यामुळे एका घरातली बहीण महाराष्ट्रात आणि भाऊ आंध्रात असे झाले. २०१४ साली भाऊ तेलंगणात गेला आणि २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. जैनद, बेला भागात मराठी अजून ओट्यावर, शेतात, बाजारात बोलली जाते. काही मराठी शाळाही आहेत. पण शहरातल्या आपल्या घरांतली मुले इंग्रजी माध्यमात आहेत. आमचीही आहेत, खोटे कशाला बोला.

याचा परिणाम पत्रकाच्या वरच्या रकान्यांत दिसत नाही. मुले-मुली भूमिका उत्तम करतात, उच्चारही बरे असतात, कारण घरी आजी आहे. परिणाम दिसतो तो विंगेत. संवादांच्या झेरॉक्स वाटल्या की दुसऱ्या दिवशी निम्म्या मुलांनी त्या तेलुगू लिपीत नाहीतर इंग्रजी अक्षरांत उतरवून आणलेल्या असतात. पाठ करायला ते चालते. पण प्रॉम्प्टरला संपूर्ण नाटक हातात धरून, वेगाने, अंधुक उजेडात वाचावे लागते, आणि नट पाने गाळून पुढे गेला तर त्याच्या मागे धावावे लागते.

हे काम आमच्याकडे वर्षानुवर्षे एक निवृत्त गुरुजी करीत आले. मराठी शाळेतले. झेरॉक्सवर त्यांचा विश्वास नाही. दरवर्षी नवे नाटक ठरले की ते दोनशे पानी वहीत स्वतःच्या अक्षरात सगळे उतरवून काढीत. डावीकडचे पान कोरे. तिथे कोण कुठून येतो, दिवा कधी, घंटा कधी. जिथे नट मुद्दाम थांबणार तिथे लाल पेन्सिलीने छोटा त्रिकोण. नट थांबला आहे की विसरला आहे हे ओळखणे हीच सगळी विद्या, असे ते म्हणतात. त्रिकोणावर शब्द पुरवला तर प्रसंगाचा जीव जातो, आणि त्रिकोण नसताना गप्प बसलात तर नटाचा.

गेल्या वर्षी त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि वही आमच्या हाती आली. डिप्लोमातले ड्रॉइंग वाचणारे डोळे, वही काय अवघड, असे वाटले होते. दुसऱ्या अंकात पावसाने मांडवाची ताडपत्री भरली, ती बांबूने उचलायला दोघे धावले, वीज गेली आणि आली, आणि तेवढ्यात रंगमंचावरच्या सुनेने दोन पाने गाळून थेट रडायला सुरुवात केली. आम्ही अजून सासूच्या टोमण्यांवर होतो. घाईघाईत जे वाक्य पुरवले ते मागचे, आणि सासूने ते इमाने इतबारे म्हटले. रडणाऱ्या सुनेला तिने चहा टाकायला सांगितले. प्रेक्षक हसले. काहींना तो विनोद फार आवडल्याचे दुसऱ्या दिवशी कळले. गुरुजी पहिल्या रांगेत डोळ्यांना हिरवा चष्मा लावून बसले होते. ते हसले नाहीत.

यंदा गणपतीच्या दोन महिने आधीच त्यांनी मंडळाला सांगितले की वही पोरांपैकी कोणीतरी धरेल, मी शेजारी बसेन. तीन मुले तयार झाली. एक दुसऱ्या दिवशी आलीच नाही, एकाला रंगमंचावरचे काम मिळाले आणि तो तिकडे गेला. उरली ती इंटरला शिकणारी मुलगी. शाळेत तिला हिंदी होती, त्यामुळे अक्षरे ओळखीची. 'ळ' हिंदीत नाही म्हणून ती अडेल असे आम्हाला वाटले होते. पण 'ळ' तेलुगूत आहे, तो तिला तिथून माहीत. एका भाषेने अक्षरे दिली, दुसरीने उरलेले एक. मराठी वाचायला तेवढे पुरले. अडते ती जोडाक्षरांवर आणि च, ज यांच्या दोन उच्चारांवर. 'चमचा' वाचताना दर वेळी क्षणभर थांबते. गुरुजी म्हणतात, थांबू दे, वाचून झाले की बोलताना बरोबर येते.

वहीही तिनेच उतरवायला घेतली आहे. अक्षर मोठे, रेघ सोडून जाणारे. दोनशे पानांत नाटक मावणार नाही असे दिसते. रोज रात्री साडेआठला मंडळाच्या हॉलमध्ये तालीम असते. बाकीचे संवादांना उभे राहतात तेव्हा ती कोपऱ्यात जमिनीवर बसून लिहीत असते, आणि गुरुजी खुर्चीवरून वाकून पाहतात. दुसरा अंक संपत आला आहे. लाल पेन्सील अजून तिच्या हाती दिलेली नाही. त्रिकोण कुठे काढायचे हे सगळे नाटक एकदा ऐकून झाल्यावर ठरेल, असे गुरुजींचे म्हणणे.