रानाचा राखणदार कोण?

आमचें मुक्ताईनगर पूर्वीं एदलाबाद म्हणून ओळखलें जाई. तेथील शाळेंत इतिहास शिकवीत असतां एका भिल्ल विद्यार्थ्यानें मला विचारलें, “गुरुजी, आमचा वाघदेव पुस्तकांत कां नाहीं?” मजजवळ उत्तर नव्हतें. आज तें देण्याचा यत्न करतों.

1818 सालीं खानदेश इंग्रजांच्या हातीं गेला. भिल्ल नायक केवळ शस्त्रबळानें नमत नाहींत, हें सरकारास कांहीं वर्षांतच उमगलें. म्हणून 1825 सालीं भिल्ल एजन्सी नेमण्यांत आल्या, आणि धरणगांवीं लेफ्टनंट औट्रम यांनीं भिल्लांचीच पलटण उभारून भिल्लांवर पहारा बसविला. पुढें 1878 च्या जंगल कायद्यानें रानें राखीव झालीं, आणि पिढ्यान् पिढ्या तेथें राहणारा मनुष्य मोळीपायीं गुन्हेगार ठरूं लागला. सरकारी देखरेखीचा हा पहिला अध्याय होय.

स्वराज्यांत दृष्टि पालटली, पण उशिरां. 1996 च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेस आपल्या रूढि व सामुदायिक साधनसंपत्ति राखण्यास समर्थ मानलें. चोपडा, यावल व रावेर तालुक्यांतील कांहीं गांवें त्या क्षेत्रांत आहेत. आमचा तालुका नाहीं. 2006 च्या वनहक्क कायद्यास मात्र असें कुंपण नाहीं. दावा प्रथम ग्रामसभा तपासते, मग उपविभागीय समिति पडताळते, आणि अखेरचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिति देते.

देखरेख सर्वस्वीं वाईट, असें मी म्हणणार नाहीं. ग्रामसभेंतहि बलवान मनुष्य दुर्बळाचा वांटा गिळूं शकतो. परंतु सरकारी शिक्का म्हणजे रक्षण नव्हे. ऑस्ट्रेलियांत जुकान घळींतील आदिवासींच्या गुहांत 46,000 वर्षांपूर्वींच्या मानवी वावराच्या खुणा होत्या. मे 2020 मध्यें एका खाण कंपनीनें त्या सुरुंगांनीं उडविल्या. आणि परवानगी होती ती वारसारक्षणाच्या 1972 सालच्या कायद्याखालींच!

आतां त्या विद्यार्थ्याचें उत्तर. वनहक्काच्या नियमांत वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली साक्ष, देवस्थान व स्मशानभूमि हीं पुराव्यांत धरलीं आहेत. म्हातारीं माणसें जातात, तेव्हां त्यांची साक्षहि त्यांच्याबरोबर जाते. म्हणून शिकलेल्या तरुणांनीं आपल्या आजोबांपाशीं बसावें, वाघदेव कोठें, पाणवठा कोणता, हें तारखेनिशीं लिहून ग्रामसभेपुढें ठेवावें. बाळा, तुझा वाघदेव पुस्तकांत नाहीं, कारण तें पान आम्हीं कोरेंच ठेवलें. तें आतां तूं लिही.