तळटीप : ‘मळी काढलेले शिसे’

१. मळी काढलेले शिसे : माजरी गाव ज्यात मोडे त्या तत्कालीन चांदा जिल्ह्यात पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर बाळगल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकीची गोळी शिसे वितळवून ओतलेली असे. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसवर वितळते. या रसावर हवेच्या संसर्गाने धरणारी करडी साय निव्वळ मळ नसून तीत शिशाचे व मिसळलेल्या कथलाचे भस्मही असल्यामुळे, ती सरसकट उपसून न टाकता रसात मेणाचा वा राळेचा खडा टाकून ढवळतात. त्यातील कर्ब भस्मातला प्राणवायू हरण करतो, धातू पुन्हा रसात मिळतो आणि उरलेली राखमाती पळीने निघते. पाण्याच्या थेंबाने रस उसळतो, शिवाय धूर विषारी. सबब हे काम उघड्यावरच इष्ट. — संपादक