दोन देशांचे रजतपट आणि पाच डॉक्टर

चीनचे नाव निघाले म्हणजे आपल्या सुशिक्षित वाचकास प्रथम आठवतो तो ह्युएन त्संग. सातव्या शतकात हा यात्रेकरू महाराष्ट्रात येऊन गेला आणि येथील डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे वर्णन त्याने लिहून ठेवले. विहाराच्या दगडी भिंतींवर बोधिसत्त्वाच्या चरित्रातील प्रसंग अंकित केलेले आहेत, असे तो सांगतो. हा विहार म्हणजे अजिंठाच होय, असे अनेक पंडित मानतात. आणि अजिंठ्याची कला ज्या हरिषेण राजाच्या काळी बहरास आली, तो वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आमच्या वाशीमचा. चित्रांच्या ओळीतून थोर पुरुषाचे चरित्र सांगावयाची कला या दोन देशांच्या जुन्या ओळखीत अशी साक्षीदार आहे. विसाव्या शतकात ही चित्रे हलू लागली. त्या हलत्या चित्रांनी उभय देशांच्या स्नेहातले काय जतन केले आणि काय गमावले, हा प्रश्न म्हणूनच वऱ्हाडच्या वाचकास अगदीच परका नाही.

चिनी चित्रपटाचा जन्म १९०५ सालचा मानतात. बीजिंगच्या एका छायाचित्रकाराने तान शिनपेई या विख्यात संगीत नटाचे ‘डिंगजुन पर्वत’ या नाटकातील काही प्रवेश चित्रित केले. गवयी नटाचे गाणे मूकपटात! परंतु रंगभूमीचे बोट धरूनच या कलेस पहिली पावले टाकावी लागली, हे आपल्याकडेही खरे आहे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला आणि तारामतीची भूमिका साळुंके नामक पुरुषाने केली. त्याच वर्षी शांघायमध्ये झेंग झेंगच्यू व झांग शीचुआन यांनी विवाहप्रथेवर एक छोटा कथापट काढला. त्यातही स्त्रीभूमिका पुरुषांकडेच होत्या. पुढे आपल्याकडे पौराणिक पटांतील चमत्कारांनी प्रेक्षक भारून गेला, तर तिकडे उडत्या तलवारबहाद्दरांनी. १९२८ पासून ‘रक्तकमल मंदिराचे दहन’ या कथेचे अठरा भाग निघाले, आणि अखेर सरकारने अंधश्रद्धेच्या कारणास्तव त्यांवर बंदी घातली. बोलपट दोन्ही देशांत एकाच वर्षी, १९३१ साली अवतरला.

सामाजिक पटाचे युगही दोघांचे एकच. १९३४ मध्ये रुआन लिंग्यू या असामान्य नटीने ‘देवी’ या मूकपटात मुलाच्या शिक्षणासाठी देहविक्रय करणारी माता उभी केली. १९३९ मध्ये प्रभातच्या ‘माणूस’ने तशाच एका स्त्रीकडे पाहण्याची नवी दृष्टी मराठी प्रेक्षकास दिली. ‘कोळ्यांचे गीत’ या चिनी पटाचा मॉस्को येथे १९३५ मध्ये गौरव झाला, आणि १९३७ मध्ये ‘संत तुकाराम’चा व्हेनिस येथे. एकमेकांची कृती बहुधा न पाहताही दोन शेजारी एकाच वाटेने चालले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

याच १९३७ साली जपानने चीनवर पुरे आक्रमण केले आणि शांघायचा बहुतेक भाग पडला. चिनी सेनापती जू दे यांच्या विनंतीवरून काँग्रेसने एक वैद्यकीय पथक पाठविण्याचे ठरविले. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर मुंबईहून निघाले. अलाहाबादचे अटल, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. चीनमध्ये या पाचही जणांनी ‘हुआ’ या अक्षराने संपणारी नावे घेतली. हुआ म्हणजे चीन. कोटणीस तेथे ‘के दिहुआ’ झाले. १९४१ साली बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला.

त्यांच्या जीवनावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘आणि एक परत आला नाही’ असा आहे. त्यावरून १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला आणि नायकाची भूमिका स्वतः केली. चिनी पत्नी झाल्या जयश्रीबाई. या पटात प्रेम आहे, गाणी आहेत, त्याग आहे. आणि डॉक्टरांस मृत्यू येतो तो साथीच्या रोगाशी झुंजताना. खऱ्या मृत्यूची जागा अशा रीतीने शोभणाऱ्या मृत्यूने घेतली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील प्रेक्षकास हुतात्मा हवा होता, आणि अपस्मारात हुतात्म्याचे तेज दिसत नाही.

चीनमध्ये तोवर वारे बदलले होते. १९४९ नंतर चित्रपट राज्यसत्तेच्या हाती गेला. बेथ्यून यांच्यावरील पट १९६४ मध्ये तयार होऊनही १९७७ पर्यंत लोकांपुढे आला नाही. मधल्या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात क्रांतिगीतनाट्यांखेरीज पडद्यावर फारसे काही उरले नव्हते. कोटणीस यांच्यावरील चिनी पट निघाला तो १९८२ मध्ये. त्याच वर्षी ‘शाओलिन मंदिर’ने, एके काळी बंदी झालेल्या मल्ल व तलवारबहाद्दरांना चीनच्या पडद्यावर परत आणले, आणि १९८४ मध्ये ‘पीतभूमी’ने एका नव्या पिढीची द्वाही फिरविली. या दोन लाटांच्या मध्ये आदर्श सेवकाचे चरित्र सांगणारा हा पट उभा आहे. मुंबईत कोटणीस स्वदेशाची कीर्ती परदेशी नेणारे भारतपुत्र ठरले. चीनमध्ये ते क्रांतीच्या सैन्यातील वैद्य ठरले. दोन्ही चित्रे खोटी नाहीत. प्रत्येक देशाने आपल्यास हवा तेवढा मनुष्य ठेवून घेतला.

परंतु माझ्या मते खरा तोटा कोटणिसांचा झाला नाही. तो उरलेल्या चौघांचा झाला. ज्यांनी त्याच वाटा तुडविल्या, जखमी बांधले आणि मग परत येऊन आपल्या गावी दवाखाना उघडला अथवा दुसरे काम अंगावर घेतले, त्यांच्यासाठी पडद्यावर जागा झाली नाही. परत येणे ही गोष्ट नाट्यास अनुकूल नसते. सोलापूरच्या डॉक्टरांचे नाव आज शाळकरी मुलासही ठाऊक असते; नागपूरच्या चोळकरांचे नाव विदर्भातील पदवीधरासही सांगावे लागते. हा दोष शांताराम यांचा नव्हे. कलावंतास निवड करावीच लागते, आणि त्यांनी केलेली निवड उत्तम होती. दोष आपला आहे, कारण आपण पटालाच इतिहास समजलो आणि पडदा जेथे काळा झाला, तेथे आपली जिज्ञासाही थांबविली.

अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रे पाहून कोणी बौद्ध धर्माचा इतिहास संपला असे मानीत नाही; शिलालेख वाचावे लागतात, आणि हरिषेणाचा प्रधान वराहदेव सोळाव्या लेण्याच्या लेखातूनच आपणांस भेटतो. चित्राने ओढ लावावी आणि लेखाने माहिती पुरवावी, ही वाटणी आजही सोयीची आहे. कोटणिसांचा पट ज्यांस आवडला त्यांनी तो पुन्हा पाहावा. आणि तो पाहून झाल्यावर उरलेल्या चार नावांपैकी निदान नागपूरचे एक नाव आपल्या मुलांस अवश्य सांगावे.