'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे'

जॉर्ज जोन्सचे १९८० मधले कंट्री गाणे. गीतकार बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पटमन, निर्माता बिली शेरिल. मरेपर्यंत प्रेम करीन, असे सांगणारा माणूस शब्द पाळतो. शीर्षकातल्या 'आज'चा अर्थ श्रोत्याला मागाहून उमगतो आणि चटका लावतो.

जोन्सला गाणे पटले नव्हते. इतके रडके गाणे कोण विकत घेणार, हे त्याचे म्हणणे. तेव्हा तो दारूच्या पुरता आहारी गेला होता. गाण्यात मधे काही ओळी नुसत्या बोलायच्या आहेत : गाण्यातली प्रेयसी त्या माणसाला शेवटचे पाहायला येते, तो प्रसंग. गाताना सावरणारी जोन्सची जीभ बोलताना मात्र जड होई. म्हणून हा छोटा तुकडा फार काळ रखडला. आज तोच, जवळजवळ सपाट स्वरातला, सर्वांत जास्त भिडतो.

जुलैत गाणे बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिले आले. एकट्याच्या नावावर जोन्सला हे स्थान सहा वर्षांनी मिळाले. पुढे ग्रॅमीही मिळाले. कंट्री म्युझिक असोसिएशनने तर १९८० आणि १९८१, दोन्ही वर्षी यालाच सर्वोत्कृष्ट गीत ठरवले.

२०१३ मध्ये नॅशव्हिलला जोन्सच्या अंत्यविधीत ॲलन जॅक्सनने हेच गायले.