विंडोज १० चे अपडेट बंद झाले; सेवा केंद्र, डेअरी, पतसंस्थेतल्या कॉम्प्युटरचं आता काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचे नियमित मोफत अपडेट बंद केले. गावातली सेवा केंद्रं, कृषी सेवा केंद्रं, दूध संकलन केंद्रं, मेडिकल दुकानं, पतसंस्था अशा ठिकाणी हीच विंडोज सर्रास चालते. काही ठिकाणी तर अजून विंडोज ७ आहे. तिचे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच संपले.

यावरून दोन प्रकारचं बोलणं ऐकू येतं. एक म्हणतो, "काही होत नाही, चालतोय ना, चालू द्या." दुसरा, आणि हा बहुतेक वेळा विकणाराच असतो, म्हणतो, "आता हा डबा झाला, नवीन घ्या." दोघांचंही अर्धवट खरं आहे. कॉम्प्युटर बंद पडलेला नाही, उद्याही चालेल, पण त्याच्या कुंपणाची दुरुस्ती थांबली आहे. त्यामुळे कोणता कॉम्प्युटर बदलायचा, कोणता तसाच वापरायचा आणि कोणता फक्त इंटरनेटपासून तोडून ठेवायचा, हे मालकाने स्वतः समजून घेतलेलं बरं. नाहीतर दहा-बारा हजारांच्या जागी चाळीस-पन्नास हजार जातात, किंवा एक दिवस सगळ्या सभासदांची खाती उघडतच नाहीत.

अपडेटमध्ये असतं काय

पुष्कळ जणांना अपडेट म्हणजे नवीन रंग, नवीन बटणं आणि कॉम्प्युटर स्लो करायची युक्ती वाटते. तसले अपडेट असतात, नाही असं नाही. पण दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेतून जो अपडेट सुटतो (आपल्याकडे रात्री उशिरा, म्हणजे बुधवारी सकाळी कॉम्प्युटर लावला की दिसतो), त्यात मुख्यतः सापडलेली भोकं बुजवलेली असतात. आणि कोणतं भोक बुजवलं हे कंपनी जाहीर करते. चोरालाही ते वाचता येतं. ज्याने अपडेट घेतला नाही त्याच्या घरात कुठून शिरायचं, याचा पत्ताच त्याला मिळतो.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे २०१७ चा वॉनाक्राय हल्ला. १२ मे २०१७ ला सुरू झालेल्या या हल्ल्यात सुमारे १५० देशांतल्या कॉम्प्युटरवरच्या फायली कुलूपबंद झाल्या आणि त्या उघडण्यासाठी खंडणी मागितली गेली. इंग्लंडमधली सरकारी रुग्णालयं अडकली, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही कॉम्प्युटर सापडले. पण ज्या भोकातून हा व्हायरस शिरला, त्याची दुरुस्ती १४ मार्चलाच निघालेली होती. म्हणजे ५९ दिवस हातात होते. ज्यांनी तो अपडेट घेतला होता, ते या भोकातून येणाऱ्या हल्ल्यापासून वाचले.

आता विंडोज १० ची गत अशी आहे की विंडोज ११ साठी दर महिन्याला दुरुस्त्या निघत राहणार, आणि त्यातली काही भोकं जुन्या विंडोजमध्येही असणार. तिकडे बुजवली, इकडे उघडी. जसे महिने जातील तसा धोका वाढत जाईल. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचीही मुदत त्याच तारखेला संपली आहे, ते मात्र कुणी बोलत नाही. ई-मेलवर आलेली वर्ड-एक्सेलची फाईल उघडणं हा व्हायरस येण्याचा जुना रस्ता आहे.

आधी आपला कॉम्प्युटर ओळखा

कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. छोटी चौकट येईल. त्यात इंग्रजीत 'विनव्हर' (डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर) टाइप करून एंटर करा. कोणती विंडोज आहे ते समोर येतं. विंडोज १० असेल आणि पुढे '२२एच२' असेल तर ती शेवटची आवृत्ती. त्याहून जुनी असेल तर आधी २२एच२ करून घ्यावी लागेल.

मग प्रोसेसर बघा. 'धिस पीसी' वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की नाव दिसतं. इथे लोक फसतात. आय३, आय५, आय७ एवढंच बघतात आणि आय७ म्हणजे भारी असं धरून चालतात. इंटेलच्या नावात रेघेनंतरचा आकडा महत्त्वाचा. आय५-६५०० म्हणजे सहावी पिढी, आय५-८५०० म्हणजे आठवी, आय५-१०४०० म्हणजे दहावी. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे आय७-४७७० हा आय७ असूनही बाद, आणि आय३-८१०० हा साधा आय३ असून पास. बैलाचं शिंग बघून वय सांगण्यासारखंच हे. एकदा नजर बसली की कुणी फसवू शकत नाही.

बाकीच्या अटी म्हणजे ४ जीबी रॅम (काम करायचं तर ८ पाहिजे), ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप. ही चिप तपासायला त्याच चौकटीत 'टीपीएम डॉट एमएससी' इंग्रजीत टाका. चिप सापडत नाही असं आलं तर लगेच घाबरू नका. आठव्या पिढीच्या पुढच्या बऱ्याच मशीनमध्ये ही सोय असते, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलमध्ये तिला पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम म्हणतात. पाच मिनिटांचं काम आहे. एवढ्यासाठी मदरबोर्ड बदलायला लावणारा भेटला तर तिथून उठून यावं.

मशीन या अटींत बसत असेल तर विंडोज १० वरून ११ वर जाणं मोफत आहे, मात्र विंडोज अस्सल पाहिजे. न बसणाऱ्या मशीनवरही काही कारागीर पळवाटेने ११ टाकून देतात. ती चालते, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच राहून जातं.

मशीन बसत नसेल तर

घरगुती वापराच्या विंडोज १० साठी कंपनीने एक वर्षाची वाढीव सुरक्षा योजना आणली. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत तिची मुदत जाहीर झाली. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर ती फुकट मिळते. सेटिंगमध्ये विंडोज अपडेट उघडलं की नोंदणीची ओळ दिसते. संस्थांसाठीची योजना मात्र विकत आहे: पहिल्या वर्षाला एका कॉम्प्युटरमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. तिन्ही वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात. एवढ्यात साधा नवा कॉम्प्युटर येतो, त्यामुळे गावच्या पतसंस्थेने या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

डेअरीचं प्रकरण वेगळं आहे. दूध संकलनाच्या कॉम्प्युटरला वजनकाटा आणि फॅट मशीन जोडलेलं असतं, आणि ते बऱ्याचदा जुन्या गोल-दातऱ्या सिरियल पोर्टावर. नव्या कॉम्प्युटरला हा पोर्ट बहुधा नसतोच. यूएसबीला लावायचा कन्व्हर्टर मिळतो, पण तो आणल्यावर सॉफ्टवेअर काटा ओळखतं की नाही हे सकाळच्या संकलनाच्या आधी, दुपारी निवांत वेळी बघावं. पहाटे पाच वाजता रांगेत माणसं उभी असताना नाही. शिवाय काही ठिकाणी डॉसवर चालणारा जुना प्रोग्राम आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटची येते, तिच्यावर हे जुने डॉसचे प्रोग्राम सरळ चालत नाहीत. आधी सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, मगच मशीन घ्या. उलट केलं तर दोन्ही खर्च अंगावर.

अशा ठिकाणी एक साधा मार्ग आहे. संकलनाच्या कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर काढून टाका, वायफाय बंद करा. त्यावर फक्त काटा, फॅट आणि बिलं. इंटरनेटचं काम दुसऱ्या मशीनवर. जे मशीन बाहेर बोलतच नाही त्याला अपडेट नसल्याचा धोका कमी. मात्र मग शत्रू एकच उरतो, पेनड्राइव्ह. गाणी भरायला आणलेला पोराचा पेनड्राइव्ह या मशीनला लावू देऊ नये.

लिनक्सही आहे. उबंटू किंवा आपल्या सी-डॅकने बनवलेली बॉस ही प्रणाली फुकट मिळते, जुन्या मशीनवर बरी चालते. पत्रं टाइप करणं, सातबारा बघणं, ऑनलाइन फॉर्म एवढ्याला पुरते. पण थंब मशीन आणि टॅलीवर रोजचं काम असेल तर विंडोजशिवाय अडतंच, हे आधीच धरून चालावं.

विकत घेताना

शहरात कंपन्यांमधून बाहेर पडलेले जुने कॉम्प्युटर साफ करून 'रिफर्बिश्ड' म्हणून विकतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून ते तालुक्यापर्यंत येतात. वाईट नसतात. पण सध्या बाजारात स्वस्त मिळणारा माल मुख्यतः चौथ्या ते सातव्या पिढीचा आहे, म्हणजे नेमका विंडोज ११ ला न चालणारा. कंपन्या तोच माल बाहेर काढत आहेत. पैसे देण्याआधी प्रोसेसरचा पूर्ण आकडा बिलावर लिहून घ्या. "आय५ कॉम्प्युटर, १ नग" असलं बिल काही कामाचं नाही.

बिल जीएसटीचं पक्कं घ्या. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे. "बिलाशिवाय घ्या, स्वस्तात देतो" हे ऐकायला गोड लागतं, पण वॉरंटीच्या वेळी दुकानदार ओळख दाखवत नाही. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांना धंद्यासाठी घेतलेल्या मशीनवरचा कर वजाही करून मिळू शकतो. बिलावर सिरियल नंबर पाहिजे. मोठ्या कंपन्यांच्या साइटवर तो नंबर टाकला की वॉरंटी किती उरली ते कळतं.

विंडोज अस्सल आहे का, हे सेटिंगमधल्या अॅक्टिव्हेशनमध्ये दिसतं. तिथे अॅक्टिव्ह दिसलं म्हणजे झालं असंही नाही, कारण क्रॅक टाकूनही ते तसं दिसतं. कॉम्प्युटर देताना "अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करतो" असं कारागीर म्हणाला, तर तो काय टाकतोय ते विचारा. त्या क्रॅकसोबत आणखी काय आत आलं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि त्याच मशीनवर गावाचे आधार, बँक पासबुक, जमिनीची कागदपत्रं स्कॅन होतात.

जुनं मशीन अटींत बसत असूनही हळू असेल तर नवीन घेण्याआधी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकून बघा. पाच मिनिटांनी सुरू होणारा कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात सुरू होतो. आणि लाइट गेल्यावर तारीख-वेळ मागे जात असेल, वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नसतील, तर तो व्हायरस नाही. मदरबोर्डवरचा घड्याळाच्या सेलसारखा छोटा सेल संपलेला असतो. त्याचा नंबर बहुधा सीआर २०३२. किरकोळ किमतीचा असतो, कुणीही बदलून देतं.

अपडेट कधी घ्यायचा

अपडेटनेही घोळ होतो, हे लपवून उपयोग नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. पण ती दुरुस्ती काही दिवसांत झाली. खंडणीवाल्याने लावलेलं कुलूप मात्र पुष्कळदा उघडतच नाही.

सेवा केंद्रात पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी अपडेट सुरू व्हायला नको, एवढं तर पाहिजेच. त्यासाठी विंडोज अपडेटमध्ये 'अॅक्टिव्ह अवर्स' नावाची सोय आहे, त्यात दुकानाची वेळ भरा. गर्दीच्या दिवसांत अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवताही येतो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल तर ते कनेक्शन 'मीटर्ड' करून ठेवा, नाहीतर दिवसाचा डेटा दुपारच्या आतच संपतो. आणि अपडेट चालू असताना लाइट गेली तर विंडोज बसू शकते. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली असेल तर ती नावालाच उरलेली असते, आधी ती बघा. अपडेट झाल्यावर थंब मशीन चालेनासं झालं तर मशीन बिघडलं असं समजू नये. बहुतेक वेळा त्याची आरडी सर्व्हिस बंद पडलेली असते, ती पुन्हा चालू केली किंवा नवी टाकली की काम होतं.

बॅकअप, आणि तो कुठे ठेवायचा

३१ जुलै २०२४ ला देशातल्या सुमारे ३०० छोट्या सहकारी व ग्रामीण बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले होते. या बँकांना संगणक सेवा देणाऱ्या कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला, म्हणून एनपीसीआयने ती यंत्रणा बाजूला काढली होती. तिथे तज्ज्ञांची फौज होती, दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. गावच्या पतसंस्थेकडे बहुधा एक क्लार्क आणि एक कपाट असतं.

बॅकअप डी ड्राइव्हवर घेतला म्हणजे घेतला असं नाही. सी आणि डी एकाच डिस्कचे दोन कप्पे. कायम लावून ठेवलेला पेनड्राइव्हही त्याच कुलपात अडकतो. रोज संध्याकाळी हिशोब बंद झाल्यावर बाहेरच्या डिस्कवर कॉपी घ्या, डिस्क काढा, कपाटात ठेवा. दुसरी डिस्क दर शनिवारी सचिवाच्या घरी. महिन्यातून एकदा ती कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. पुष्कळ बॅकअप फक्त गरजेच्या दिवशी रिकामे निघतात.

सॉफ्टवेअरवाला एनीडेस्कवरून काम करून गेला की त्याचा कायमचा पासवर्ड काढून टाका. सगळं करूनही फायली उघडेनाशा झाल्या, पैसे मागणारा निरोप दिसला, तर पहिल्यांदा इंटरनेटची वायर काढा, डिस्क पुसू नका, आणि पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार द्या. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते.

जुना कॉम्प्युटर भंगारात देणार असाल तर डिस्क काढून ठेवा. फायली डिलीट केल्याने त्या जात नाहीत, फक्त दिसेनाशा होतात, आणि साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतात. मशीन पुन्हा विकायचं असेल तर डिस्क पूर्ण पुसून घ्या. बंद पडलेली असेल तर फोडून टाका.