अटकनोंदी, सार्वजनिक (साकोली, जि. भंडारा)

पोलिसांनी किंवा कायद्याने अधिकार दिलेल्या अन्य अधिकाऱ्याने एखाद्या व्यक्तीस अटक केल्यावर त्या अटकेची लेखी नोंद निरनिराळ्या दप्तरांत होते. त्या नोंदीचा जो भाग कोणत्याही नागरिकास पाहता किंवा रीतसर मागता येतो, त्यास सार्वजनिक अटकनोंद म्हणतात. साकोली हे भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण नागपूर–रायपूर मार्गावर (राष्ट्रीय महामार्ग ५३) वसलेले असून तेथे पोलीस ठाणे, तहसील कार्यालय आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे. पोलीस अधीक्षक कार्यालय, जिल्हा नियंत्रण कक्ष, सत्र न्यायालय व जिल्हा कारागृह मात्र सुमारे ४० किमी. पश्चिमेस भंडारा येथे आहेत. सर्व अटकांची एकत्र यादी यांपैकी कोणत्याही एका ठिकाणी मिळत नाही. अटकेपासून निकालापर्यंत नोंद एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात जाते आणि प्रत्येक टप्प्यावर ती पाहण्याचा अधिकार बदलतो. त्यामुळे अटक कोणी, केव्हा आणि कोणत्या कायद्याखाली केली, हे आधी ठरवल्याशिवाय शोध पुढे सरकत नाही.

पूर्वपीठिका : ब्रिटिश अमदानीत साकोली ही मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्याची तहसील होती. १८६१ च्या पोलीस अधिनियमाच्या कलम ४४ अन्वये प्रत्येक ठाण्याच्या प्रमुखाने दैनंदिनी ठेवून तीत आलेल्या तक्रारी, अटक केलेल्यांची व फिर्यादींची नावे, आरोपांचे स्वरूप आणि हस्तगत केलेला माल लिहावा, असे बंधन होते. ही दैनंदिनी वरिष्ठांच्या तपासणीसाठी होती, जनतेने पाहावी असा तिचा हेतू नव्हता. अटकेची माहिती लोकांपुढे यावी ही कल्पना रूढ झाली ती कोठडीतील छळ व मृत्यू रोखण्याच्या प्रयत्नांतून. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी अकरा निर्देश दिले. अटक आणि कोठडीचे ठिकाण बारा तासांच्या आत जिल्हा नियंत्रण कक्षास कळवावे आणि तेथील ठळक फलकावर लावावे, हा त्यांतील शेवटचा निर्देश होय. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१ ग घालून या फलकास कायद्याचे रूप देण्यात आले आणि ते १ नोव्हेंबर २०१० पासून अमलात आले. अटकनोंद सार्वजनिक करण्यामागे अटकेतील माणूस गुपचूप कोंडला जाऊ नये हा हेतू होता. त्याची अपकीर्ती व्हावी हा हेतू नव्हता, आणि आजच्या नियमांतील मोकळीक व बंधने या दोहोंचा उलगडा या हेतूतून होतो.

जुन्या नोंदी शोधताना हद्दींतील बदल ध्यानात घ्यावे लागतात. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाल्याने साकोलीलगतच्या अर्जुनी मोरगावसारख्या भागातील त्यापूर्वीच्या कागदांवर भंडारा हेच जिल्ह्याचे नाव आढळते, तर आजच्या लाखनी तालुक्यातील अनेक गावे पूर्वी साकोली तालुक्यात मोडत.

कायदेशीर आधार : १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ (पुढे ‘संहिता’) लागू आहे. तिच्या कलम ३६ नुसार अटक करताना अटकेचे ज्ञापन, म्हणजे वेळ व तपशील नमूद केलेला लेख, तयार करून त्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील एका प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष आणि अटक झालेल्याची सही घेतली जाते. कलम ३७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात व प्रत्येक ठाण्यात सहायक पोलीस उपनिरीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला पदनिर्देशित अधिकारी अटक झालेल्यांची नावे, पत्ते व आरोपित गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती ठेवतो, आणि ती प्रत्येक ठाण्यात तसेच जिल्हा मुख्यालयात, डिजिटल माध्यमासह, ठळकपणे प्रदर्शित करावी लागते. कलम ४८ अन्वये नातेवाइकास किंवा मित्रास अटकेची खबर देऊन तशी नोंद ठाण्यातील वहीत करावी लागते, तर कलम ५८ आणि संविधानाचा अनुच्छेद २२ यांनुसार प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत आरोपीस दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे. अटकेची कारणे आरोपीस समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी स्पष्ट केले.

ठाण्यातील शोध : अटक ताजी असेल तर पहिली चौकशी ठाण्यातच होते. विदर्भात ठाण्याच्या प्रमुखास बोलीत व वृत्तपत्रांतही ठाणेदार म्हणतात. त्या वेळी कामावर असलेल्या ठाणे अंमलदाराकडे दैनंदिनी असते. नातेवाइकास किंवा वकिलास व्यक्ती अटकेत आहे काय, कोणत्या गुन्ह्यात आहे आणि तिला कोणत्या न्यायालयात हजर करणार, एवढे विचारता येते. ठाण्यात दाद न लागल्यास भंडारा येथील नियंत्रण कक्षाकडे किंवा आपत्कालीन क्रमांक ११२ वर चौकशी करता येते. या टप्प्यावर मिळवण्याची सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे गुन्ह्याचा क्रमांक. उर्वरित महाराष्ट्रात ‘गु. र. नं.’ या आद्याक्षरांनी तो लिहितात, विदर्भात मात्र ‘अप. क्र.’ म्हणजे अपराध क्रमांक अशी लेखनपद्धती प्रचलित आहे. क्रमांक दर वर्षी नव्याने सुरू होत असल्यामुळे ठाण्याचे नाव, क्रमांक आणि वर्ष ही तिन्ही अंगे एकत्र असल्याखेरीज पुढील कोणताही शोध नेमका होत नाही.

संकेतस्थळावरील शोध : महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर प्रकाशित प्रथम माहिती अहवाल आणि अटक आरोपी यांची माहिती पाहण्याची सोय असून जिल्हा म्हणून भंडारा, ठाणे म्हणून साकोली आणि तारखांची मुदत निवडून शोध घेता येतो. प्रथम माहिती अहवाल (एफआयआर) म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची ठाण्यात नोंदलेली पहिली खबर. यूथ बार असोसिएशन ऑफ इंडिया विरुद्ध भारत संघ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी असे अहवाल चोवीस तासांत, आणि दळणवळणाची अडचण असल्यास कमाल बहात्तर तासांत, संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला; लैंगिक गुन्हे, बालकांवरील लैंगिक अत्याचार, दहशतवाद, बंडखोरी व तत्सम संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली. म्हणून यादीत नाव न सापडणे हा अटक झाली नसल्याचा पुरावा ठरत नाही. तसेच अहवालात आरोपी म्हणून नाव असणे म्हणजे अटक होणेही नव्हे, कारण सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक आवश्यक नसल्यास पोलीस संहितेच्या कलम ३५(३) खालील हजर राहण्याची नोटीस देतात.

न्यायालयातील नोंदी : आरोपी दंडाधिकाऱ्यांपुढे हजर झाल्यावर नोंदीची दुसरी साखळी सुरू होते. दंडाधिकारी त्यास पोलीस कोठडीत (बोलीत ‘पीसीआर’) किंवा न्यायालयीन कोठडीत (‘एमसीआर’) पाठवतात अथवा जामिनावर सोडतात, आणि प्रत्येक वेळचा आदेश प्रकरणाच्या कागदांत राहतो. ई-न्यायालय सेवेत महाराष्ट्र, भंडारा व साकोली न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने, प्रकरण क्रमांकाने किंवा ठाणे, गुन्हा क्रमांक व वर्ष देऊन शोध घेता येतो. प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, आणि तो एकदा हाती आला की पुढील तारखा व आदेश थेट पाहता येतात. दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी मूळ प्रकरण या शोधात न दिसण्याचा संभव असतो. अशा वेळी जामीन अर्जावरील आदेश उपयोगी पडतो, कारण अटकेची तारीख आणि आरोपाचा सारांश त्यात बहुधा आलेला असतो. गंभीर गुन्ह्यांत हे अर्ज भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयात आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जातात. कोठडीतील आरोपीविरुद्ध गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र न आल्यास त्यास जामिनाचा हक्क प्राप्त होत असल्याने, न्यायालयीन नोंद शोधण्यासाठी तो कालावधी उलटल्यावर पुन्हा पाहणे इष्ट ठरते.

प्रमाणित प्रतीस न्यायालयात नक्कल म्हणतात. पक्षकारास ती शुल्क भरून मिळते. तिऱ्हाइतास मात्र अर्जात कारण नमूद करून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नव्हे आणि तो सरसकट संकेतस्थळावर टाकता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी दिला. आरोपीस व वकिलामार्फत उपस्थित पीडितास त्याच्या प्रती संहितेच्या कलम २३० अन्वये विनामूल्य मिळतात.

पोलीस गुन्हा नोंदवहीबाहेरच्या अटका : साकोली परिसरात हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचे जंगल तालुक्याला लागून असून शिकारीच्या प्रकरणांत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली वनाधिकारी स्वतः अटक करू शकतात. अशा अटकेची पहिली नोंद ठाण्याच्या गुन्हा नोंदवहीत होत नाही. ती वनपरिक्षेत्र कार्यालयाच्या प्राथमिक वनगुन्हा अहवालात होते, आणि पुढे वनाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून प्रकरण न्यायालयात उभे राहते. पोलीस संकेतस्थळावर ते शोधणे व्यर्थ असते. मोहाच्या हातभट्टीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाने घातलेल्या छाप्यांतील अटकांनाही हेच लागू पडते. त्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली त्या विभागाच्या दप्तरात नोंदल्या जातात. निवडणुका व सणांच्या काळात संहितेच्या कलम १७० खाली पोलीस करतात ती प्रतिबंधक अटक किंवा कलम १२६ व १२९ खालील बंधपत्राची कार्यवाही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे, म्हणजे तहसीलदार अथवा उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे, चालत असल्याने ती न्यायालयाच्या संकेतस्थळावर दिसत नाही.

माहितीचा अधिकार : वरील मार्गांनी माहिती न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली संबंधित कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये असून ते न्यायालय मुद्रांक चिकटवूनही भरता येते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास ते माफ आहे, आणि राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर व १५० शब्दांच्या आत असावा लागतो. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. मागितलेली माहिती व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असल्यास ती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते, आणि अटकेत असलेल्या नातेवाइकाचा ठावठिकाणा विचारणारा अर्ज याच तरतुदीचा आधार घेऊ शकतो. नकार मिळाल्यास तीस दिवसांत पहिले अपील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे आणि नव्वद दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे करता येते. तपासास बाधा येईल अशी माहिती कलम ८(१)(ज) खाली नाकारता येते. वैयक्तिक माहितीचा अपवाद डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मधील दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आल्यापासून अधिक व्यापक झाला आहे, तथापि व्यापक लोकहित दाखवता आल्यास कलम ८(२) चा आधार राहतो. त्यामुळे एका व्यक्तीचा पूर्वेतिहास मागणाऱ्या अर्जापेक्षा ठरावीक मुदतीतील अटकांची गुन्हानिहाय संख्या मागणारा अर्ज मंजूर होण्याची शक्यता अधिक असते.

मर्यादा : अठरा वर्षांखालील मुलास अटक न करता ‘ताब्यात घेतले’ असे म्हणतात, आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार त्याची ओळख प्रकट करणे गुन्हा आहे. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने मनाई केली आहे. तपास अधिकाऱ्याची केस डायरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९२ मुळे आरोपीलाही मागता येत नाही. नोकरी देणाऱ्यास उमेदवाराची पार्श्वभूमी हवी असल्यास चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र हा रूढ मार्ग आहे. त्यासाठी पोलीस संकेतस्थळावर उमेदवार स्वतः अर्ज करतो.

अन्य देशांतील रीत : अमेरिकेच्या अनेक राज्यांत स्थानिक शेरीफ अटक झालेल्यांची नावे छायाचित्रांसह प्रसिद्ध करतात, तर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आरोप ठेवला जाईपर्यंत संशयितास सर्वसाधारणपणे खासगीपणाची रास्त अपेक्षा बाळगता येते असे मानले. भारतीय कायदा या दोहोंच्या मध्ये असून नाव व आरोप फलकावर लावण्यास तो सांगतो, पण तपासाचे कागद झाकून ठेवतो.

नोंदीचा अर्थ : अटकनोंद ही संशयाची नोंद असते, दोषसिद्धीची नव्हे, ठाण्याची नोंद न्यायालयाच्या निकालाने आपोआप पुसली जात नाही, आणि निर्दोष सुटलेल्या व्यक्तीचे नाव जुन्या यादीत तसेच राहू शकते. अशा व्यक्तीने निकालाची प्रमाणित नक्कल ठाण्यास व पोलीस अधीक्षक कार्यालयास देऊन निकालाची नोंद अद्ययावत करण्याची मागणी करावी. गुन्हाच निराधार असल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली नागपूर खंडपीठाकडे तो रद्द करण्यासाठी दाद मागता येते. नोंद वापरणाऱ्यानेही अटकेची तारीख व त्याच प्रकरणाचा शेवटचा न्यायालयीन आदेश ही दोन्ही टिपणे एकत्र ठेवावीत, कारण दुसऱ्याविना पहिल्यावरून व्यक्तीविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.